हाउएव्हरचा आडोसा

"सांगायचं काय न्हाई, म्हून 'गं बाई' घालतीस व्हय गं मधी? त्वांड मिटून दळ की मग!"

हा आवाज तानुबाईचा. ऐकला त्याला साठ वर्षं होत आली. वाईच्या खाली, कृष्णाकाठाला आमचं गाव, आणि आमच्या भिंतीला भिंत लावून तानुबाईचं घर. तिच्या जात्यावर समोरून हात द्यायला एखादी नवी सून बसायची. ओवी पुरी पडेना की ती पोर जागोजाग 'गं बाई', 'सये बाई', 'काय सांगू बाई' असलं भरताड घालायची. मग तानुबाई जातं थांबवायची, तिची सालं काढायची, आणि पुन्हा खुंटा धरून स्वतः म्हणायची:

दाण्याबिगर जातं, दिसभर घरघरतं
पीठ येईना कडंला, दगडानं दगुड चरतं

मी दळण संपेपर्यंत भिंतीला टेकून ऐकत बसायची. पुढे पाचगणीच्या एका निवासी शाळेत मी एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. व्याकरणाची जाडजूड पुस्तकं कपाटात होती, पण मला इंग्रजी वाक्याचे नाक-डोळे कळले ते तानुबाईच्या त्या फटकाऱ्यामुळे. कारण साहेबाच्या भाषेतही 'गं बाई' असतात. तिथे ते सूटबूट घालून येतात, एवढंच. मोरओव्हर, फर्दरमोअर, नेव्हरदलेस, कॉन्सिक्वेन्टली. आणि या सगळ्या मानकऱ्यांच्या पुढे पागोटं सावरत चालणारा हाउएव्हर.

त्यांचा मला तिटकारा आहे असं नाही. योग्य जागी आलेला हाउएव्हर म्हणजे उतारावर वळणाची पाटी. गाडीवान सावध होतो. पण ज्यांच्याकडे गाडी नाही, रस्ताही नाही, त्यांनी नुसत्या पाट्याच रोवत सुटायचं, याची मला चीड येते. बँकेचं पत्र बघा, सोसायटीची नोटीस बघा. सांगायचं असतं, 'पाणी येणार नाही.' त्याच्या आधी तीन मानकरी उभे.

नवऱ्याच्या दुखण्यापायी आम्ही मिरजेत खोल्या घेतल्या. दवाखाने जवळ. तो गेला, मी राहिले. खाली औषधाचं दुकान, मागे सतार-तंबोरे करणाऱ्यांची गल्ली. माझ्या गॅलरीत बसलं की दिवसभर कुणीतरी तारा लावत असतं, आणि त्या पुरत्या लागेपर्यंत माझाही जीव अडकून राहतो.

त्या गल्लीत अल्लाबक्षभाईंचं दुकान. चौथी पिढी. त्यांचा मुलगा आसिफ याने सांगलीला चार महिने इंग्रजीचा क्लास केला होता. परदेशातून मागण्या यायला लागल्यावर पत्रव्यवहार कोण करणार, म्हणून. त्या क्लासने त्याला काय दिलं? एक प्लास्टिक चढवलेलं कार्ड. वर सोनेरी अक्षरात 'यशाची चाळीस पावलं', खाली हाउएव्हर, मोरओव्हर असले चाळीस जोडणारे शब्द. क्लासचे सर म्हणे सांगायचे, दर वाक्याला एक शब्द लावा, समोरचा गारच. आसिफने ते कार्ड दुकानात संगणकाच्या वर चिकटवलं होतं, देवाच्या तसबिरीसारखं, पण त्यांच्यात तसबिरी नसतात. हे मात्र होतं.

त्याचं पत्र घेऊन त्याची बहीण रुमाना पहिल्यांदा माझ्याकडे आली.

"बाई, भाईनं लिवलंय. बरोबर हाय का तेवढं बघा."

पत्राचा मजकूर मराठीत सांगायचा तर असा: 'मोरओव्हर आपण कुशल असाल. फर्दरमोअर इकडे ऊन फार आहे. आपली सतार हाउएव्हर तयार आहे देअरफोर पत्ता कळवा. नेव्हरदलेस, ईद मुबारक.'

"ही वरात कुणाची गं?" मी विचारलं. "चाळीस घोडे दिसतायत. नवरदेव कुठंय?"

ती हसली नाही. खाली बघून म्हणाली, "म्हणूनच आले, बाई. मला शिकवा. पत्रं मीच लिवीन."

रुमाना चोवीस वर्षांची. सांगलीच्या कॉलेजातून बी.कॉम. झालेली. बोटांच्या पेरांवर लाखेचा पिवळा डाग कायमचा. घरच्या बायका पॉलिश करतात, तारा गुंडाळतात. ती तेवढंच करत होती. पण आदल्या पावसाळ्यात अल्लाबक्षभाईंचा उजवा कान गेला आणि डावा अर्धा राहिला, आणि तिच्या वाट्याला दुकानातली सगळ्यात मानाची जागा आली. भोपळा वाजवायची.

ते काम असं. वाळलेले भोपळे माळ्यावर टांगून ठेवतात. वर्ष, दोन वर्षं. कापायला घेण्याआधी बोटाच्या पेराने टिचकी मारून ऐकायचं. सुकलेला भोपळा बोलतो. कच्चा भोपळा वरून तसाच दिसतो, पण आत ओल धरून बसलेला असतो, आणि टिचकी मारली की आवाज आतल्या आत गिळतो. त्याच्यावर पॉलिश चढवून दिला तर पुढे कधीतरी तो तडकणार. भाईंनी दहा भोपळे मांडून दोन्ही पोरांची परीक्षा घेतली होती. आसिफचे चार चुकले. रुमानाचा एकही नाही.

"पोरीच्या कानावर दुकान चालवतोय अल्लाबक्ष," असं गल्लीत झालं. आसिफ समोर काही बोलला नाही. पाठीमागे मात्र बोलायचा, आणि तिला ऐकू जाईल असं बोलायचा. "एक तडकू दे. एकच. मग बघू कोण बसतंय त्या पाटावर."

हे सगळं तिने मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. रोज दुपारी तीनला यायची, वही उघडायची.

"हे बघ," मी सांगायची. "बट म्हणजे 'पण', तो सांधा आहे. दोन वाक्यं धरून ठेवायची ताकद त्याच्यात आहे. आधी एक स्वल्पविराम दिला की झालं. हाउएव्हरमध्ये ती ताकद नाही. तुझ्या भावाने त्याला दोन वाक्यांच्या मध्ये नुसता सोडलाय. काही शहाणे तिथे एक स्वल्पविराम टाकतात आणि समजतात, जोडलं. जोडलं नाही. वाक्य गळ्यापाशी निखळलेलं असतं."

"मग?"

"मग आधी पूर्णविराम दे आणि नव्याने सुरू कर. नाहीतर अर्धविराम दे. आणि हाउएव्हर झाला की त्याच्या मागे स्वल्पविराम. तिथे श्वास घ्यायचा. मोरओव्हर, देअरफोर, नेव्हरदलेस, सगळी एकाच घरातली माणसं, सगळ्यांना हाच नियम."

ती पेन ओठाला लावून विचार करत बसली. "बाई, आमच्या तंबोऱ्याच्या गळ्यावर लाकडाचं कोरीव पान असतंय. बघणाऱ्याला वाटतं, पानानंच धरलंय. धरलंय आतनं सरसानं, चिकटवून."

"बरं?"

"म्हणजे अर्धविराम सरस, आन् हाउएव्हर पान."

एकतीस वर्षं मी कलेक्टरांची, कारखानदारांची पोरं शिकवली. हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. मी तिला ते सांगितलं नाही; चढून बसली असती. म्हटलं, "ठीक आहे. आता हेही लिही. पान हलवता येतं. हाउएव्हर वाक्याच्या पोटातही बसतो, दोन्ही बाजूंना स्वल्पविराम घेऊन. शेवटीही बसतो. बटला ते जमत नाही, तो आपल्या जागी खिळलेला. आणि देअरफोर लिहिताना दहा वेळा विचार कर. त्याच्या आधी कारण लागतं. कारण नसताना देअरफोर म्हणजे बिनपुराव्याचा हवालदार."

"लय बोलता, बाई, तुमी," ती म्हणाली. आता मात्र हसत होती.

दोन महिन्यांत तिची पत्रं सरळ झाली. 'सतार तयार आहे. सोमवारी पाठवू.' इतकी सरळ की आसिफला ती गरिबाघरची वाटायला लागली. "जरा वजन टाक की," तो म्हणायचा. "नुसतं सोमवारी पाठवू म्हणजे काय? सोमवारी तर टमाटे पण पाठवतात."

जानेवारीत नॉर्वेहून पत्र आलं.

इंग्रिड नावाच्या एक बाई. साठीतल्या. गाणं शिकवतात, आठवड्यातून दोनदा, पाच-सहा बायकांना. ऑक्टोबरात त्यांना एक तंबोरा पाठवला होता. रुमाना पाटावर बसल्यावर तिच्या हातून गेलेल्या पहिल्या खेपेतला. इंग्रजी त्यांचीही परकी भाषा, त्यामुळे वाक्यं अंगणात खडे मांडावेत तशी, सुटी सुटी.

'तंबोरा नऊ आठवडे फार छान बोलला. मंगळवारी सकाळी मोठा आवाज झाला. भोपळ्याला खालून वरपर्यंत चीर गेली आहे. माझं काय चुकलं?'

आसिफने लगेच उत्तर रचलं आणि रुमानाच्या हाती माझ्याकडे पाठवलं. झाल्या प्रकाराचा खेद वाटतो हाउएव्हर आपल्या घरातल्या हीटरने हवा कोरडी होते मोरओव्हर आपण खोलीत पाण्याचं भांडं ठेवलं नसावं. शब्द आसिफचे, अक्षर रुमानाचं. तिने नेहमीप्रमाणे सुटसुटीत केलं नव्हतं. मानकरी होते तसेच ठेवले होते.

मी विचारलं, "भोपळा नीट सुकलेला होता ना गं?"

तिने वही पुढे सरकवली. "बाई, इथं हाउएव्हरच्या आधी अर्धविरामच ना? का पूर्णविराम बरा?"

"अर्धविराम," मी म्हटलं.

आता स्वतःचं सांगते, दुसऱ्याची सालं फार काढून झाली. मला तेव्हाच कळलं होतं की प्रश्नाला उत्तर आलेलं नाही. वर्गात एवढी वर्षं काढली. पोरगं उत्तर टाळून दुसरंच विचारतं तेव्हा त्याच्या दप्तरात काय असतं ते मला बाहेरून दिसतं. पण तिने विचारलेला प्रश्न माझ्या आवडीचा होता. मी लाल पेन उचललं, अर्धविराम घातला, स्वल्पविराम घातला, आणि ते खोटं असं काही चपखल बसवलं की कुठल्याही परीक्षकाने वर गुण द्यावेत. मागे टेकून मी चहाही प्यायले.

आठ दिवसांनी इंग्रिडबाईंचं उत्तर आलं.

'तुम्ही म्हणता ते बरोबर असणार. मला माहीत नव्हतं. आता मी गाण्याच्या खोलीतला हीटर बंद ठेवते. बाहेर उणे अकरा आहे. आम्ही कोट घालून गातो. दाराला ओले टॉवेल टांगले आहेत. इतक्या जपून केलेलं वाद्य माझ्याकडून फुटलं. मला माफ करा.'

रुमानाने ते मोठ्याने वाचलं. 'कोट घालून' इथे तिचा आवाज खाली गेला, नाणं विहिरीत जावं तसा. खिडकीबाहेर कुणीतरी खर्जाची तार पिळत होतं.

"आसिफभाईनं सांगितलंय," ती म्हणाली, "लिही, देअरफोर आमची काही जबाबदारी न्हाई."

"तुझं काय म्हणणं आहे?"

"माझं काय. मी लिवणारी."

पाचगणीत असताना शाळेची पालकांना जाणारी पत्रं माझ्याच हाताखालून जायची. आमटीत अळी निघाली; हाउएव्हर, स्वयंपाकघराची स्वच्छता रोज तपासली जाते. मुलगा झाडावरून पडला. नेव्हरदलेस, त्याची प्रकृती उत्साही आहे. मी विरामचिन्हं तपासायची आणि खाली सही करायची. अळी कुणी पाहिली, झाडाखाली कोण उभं होतं, हे मी कधी विचारलं नाही. पुढे शिक्षकदिनाला शाळेने माझा सत्कार केला. भाषणात मुख्याध्यापक म्हणाले, बाईंच्या पत्रात बोट ठेवायला जागा नसते.

नसायचीच. बोट ठेवायला जागा राहू नये म्हणूनच तर तो आडोसा उभा करायचा.

मी ते दुसरं पत्रही दुरुस्त केलं. हात थोडा अडला, एवढंच. तुम्ही मला काय म्हणायचं ते म्हणा.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात रुमाना तीन वाजायच्या आधीच आली. सकाळचे साडेदहा. चपला दारात काढल्या त्या एक इकडे, एक तिकडे. बसली नाही. फोन माझ्यासमोर धरला.

"वाचा."

पत्राच्या खाली फोटो होता. फुटलेला भोपळा, चिरेत एक पातळ पट्टी घालून थोडा फाकवलेला, आत उजेड पाडलेला. आतल्या पिवळट भिंतीवर पेन्सिलीने काढलेली बोटभर चंद्रकोर.

'चिरेतून आत ही खूण दिसली,' इंग्रिडबाईंनी लिहिलं होतं. 'ही कुणाची? ज्यांनी काढली त्यांना माझा निरोप सांगा. त्यांचं काम सुंदर होतं. माझ्या हातात ते टिकलं नाही. मी आता दुसरं वाद्य मागवणार नाही. बायकांना सांगितलं आहे, वर्ग बंद.'

"काय आहे ही खूण?" मी विचारलं.

"जो भोपळा वाजवतो, तो आत खूण करतो, बाई. वर तबली बसवायच्या आधी. तबली म्हणजे वरची फळी. एकदा ती बसली की परत कुणाला दिसत न्हाई. वाद्य धड हाय तोवर न्हाई. अब्बांची तीन टिंबं. आजोबांचं नुसतं एक फूल." तिने चंद्रकोरीवर बोट ठेवलं. "ही माझी."

खाली औषधाच्या दुकानात कुणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं, तेच तेच पुन्हा.

"काय लिवू आता?" ती म्हणाली.

"चाळीस शब्द आहेत की भिंतीवर. घे त्यातला एखादा."

हे मी फार कडवट म्हटलं. तिने माझ्याकडे बघितलं. लाल पेनने आख्खं पान खोडल्यावर पोरं बघतात तसं.

"टोचता कशाला, बाई? दोनदा दुरुस्त तुमीच केलंय."

बरोबर होतं. मी चष्मा काढला. "केलंय. पहिल्या वेळी तू उत्तर दिलं नाहीस, तेही मला कळलं होतं. तरी केलं. तिसऱ्यांदा नाही करणार. तुला पाहिजे तर तू पाठव, अर्धविराम कुठे घालायचा ते तुला आता येतं."

"सांगितलं तर मला उठवतील."

"हो."

"तुमी न्हाई म्हणत न्हाई."

"खोटं कशाला सांगू? उठवतील. तुझा भाऊ पाट पुसून बसेल."

ती दारापाशी गेली, दोन्ही चपला पायाने जवळ ओढल्या, आणि तिथेच उभी राहिली. मग म्हणाली, "येता का माझ्यासंगं?"

दुकान चार पावलांवर. पुढे उघडी ओटी, आत अंधारी खोली, वर माळ्यावर भोपळ्यांचे घड, झोपलेल्या वटवाघळांसारखे. जमिनीवर लाकडाचा भुसा, शेगडीवर सरसाचं पातेलं, त्याचा तो जनावरी वास. अल्लाबक्षभाई ओटीवर बसून हस्तिदंती रंगाच्या घोडीवर, म्हणजे तारा ज्याच्यावर टेकतात त्या पट्टीवर, कानस चालवत होते. एक तार छेडायचे, डावा कान पार खाली नेऊन ऐकायचे, आणि पुन्हा केसभर घासायचे.

आसिफ संगणकासमोर. डोक्यावर कार्ड.

"या बाई! बरं झालं, तुमीच आला. नॉर्वेवाली लय मागं लागलीय. आता तिला फोटो काढायचं सुचलंय. कडक पत्र टाकायचं. कॉन्सिक्वेन्टली आमचा काय संबंध न्हाई. कॉन्सिक्वेन्टली बरोबर हाय न्हवं इथं?"

"शब्द बरोबर आहे," मी म्हटलं. "तू त्याच्या लायकीचा नाहीस."

"म्हंजी?"

"म्हणजे त्याच्या आधी काहीतरी खरं लिहावं लागतं. ते तुझ्या कार्डावर छापायचं राहिलं वाटतं."

समोरच्या ओटीवर तारा ओढणारे दोघे हसले. आसिफचे कान लाल झाले. "बाई, तुमी शिकलेल्या, तुमी बोलणारच. पण खऱ्याची वाट बघून दुकान चालत न्हाई. काय लिवायचं असंल तर ही लिवंल. बस गं रुमा. लिही."

रुमाना बसली नाही. ती वडिलांच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि हळूच काहीतरी बोलली. मला दोन हातांवर ऐकू आलं नाही. उजवा कान मेलेला; भाईंना ती आलेलीच कळली नाही. ते तार छेडत राहिले.

"अब्बा," ती पुन्हा म्हणाली.

त्यांनी सावली बघून मान वर केली. "काय बेटा? चहा झाला?"

"चहा न्हाई. तंबोऱ्याचं सांगते."

"आं?"

"मोठ्यानं बोल की," आसिफ खुर्चीतून हसत म्हणाला. "त्यांना काय कुजबुजून ऐकू येतंय व्हय? सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोल."

त्याला काय ठाऊक, तो काय सांगतोय. मी त्याच्याकडे बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्याची कीव आली, रागाच्या जोडीने. रुमाना वळून मोठ्या पावलांनी बापाच्या डाव्या बाजूला गेली. मधल्या भुशावर तिच्या पायांचे ठसे उमटले. तिने त्यांच्या हातातली कानस काढून खाली ठेवली. भाईंनी ती आवाजाविना ठेवलेली कानस बघितली, मग तिचं तोंड बघितलं, आणि स्वतःहून कान पुढे केला. समोरच्या ओटीवरचे हात थांबले होते. शेजारी कुणीतरी सतार लावत होतं, तेही थांबलं. गल्लीत एवढी शांतता मी गॅलरीतून कधी ऐकली नव्हती.

आसिफ उठून उभा राहिला. त्याचं हसू उतरलं होतं. काहीतरी चाललंय एवढं त्याला उमगलं असावं.

"रुमा, काय चाललंय? सोड, पत्राचं मी बघतो."

तिने त्याच्याकडे बघितलंही नाही.

"अब्बा," ती ओरडून म्हणाली, आणि तिचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला, "नॉर्वेच्या तंबोऱ्याचा भोपळा कच्चा होता. तिच्या हीटरचा काय दोष न्हाई. मी टिचकी मारली तवाच मला ऐकू आलं होतं. पहिलाच दिवस होता, तुमी सगळ्यांसमोर मला बसवलं होतं, आन् भोपळा बाजूला काढला तर सगळे म्हणतील पोरीला कळत न्हाई, म्हणून मी गप बसले. ऐकू आलं होतं, अब्बा. ऐकू आलं, आन् मी खूण केली."